आयव्हीएफमधील संप्रेरक रोखणारी औषधे : कोल्हापूर परिसरातील नवख्या जोडप्यांसाठी मार्गदर्शन

टेस्ट ट्यूब बेबीच्या, म्हणजेच आयव्हीएफच्या, उपचाराची फाईल हातात आली की औषधांच्या यादीत दोन प्रकारची इंजेक्शने दिसतात. पहिली बीजकोष (स्त्रीबीज ज्यात वाढते ती पाण्याची पिशवी) वाढवणारी असतात आणि त्यांचे काम चटकन लक्षात येते. दुसरी शरीरातले काहीतरी रोखण्यासाठी असतात, आणि मूल व्हावे म्हणून घेतलेल्या उपचारात रोखायचे ते काय, असा प्रश्न राजारामपुरीतल्या किंवा शाहूपुरीतल्या औषध दुकानासमोर उभ्या असलेल्या जोडप्याला पडणे स्वाभाविक आहे. त्यातच कोणाच्या जावेला ल्युप्रोलाइड दिलेले असते, कोणाच्या मैत्रिणीला सेट्रोरेलिक्स, आणि मग ‘यातले चांगले कोणते’ ही चर्चा घरात सुरू होते. माझे मत असे की ही तुलना औषधाच्या नावापासून सुरूच करू नये. स्त्रीबीजे पक्व करण्यासाठी शेवटी कोणते ट्रिगर इंजेक्शन द्यायचे आणि तयार झालेला गर्भ त्याच महिन्यात गर्भाशयात सोडायचा की गोठवून ठेवायचा, हे दोन निर्णय आधी समजून घेतले की रोखणारे औषध बहुतेक वेळा आपोआप ठरते. पुढची मांडणी त्याच क्रमाने केली आहे. येथे दिलेल्या मात्रा सर्वसाधारण प्रघातातल्या आहेत. आपल्या चिठ्ठीतली मात्रा वेगळी असेल तर चिठ्ठीच प्रमाण मानावी.

आधी हे समजून घ्या : रोखायचे काय?

मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग जीएनआरएच नावाचे संप्रेरक ठरावीक अंतराने, पाळीच्या पूर्वार्धात साधारण दर 60 ते 90 मिनिटांनी, थोडे थोडे सोडत असतो. त्याच्या इशाऱ्यावर पियुषिका ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. एफएसएचमुळे बीजकोष वाढतो, आणि तो पुरेसा मोठा झाला की एलएचची एकदम मोठी लाट येते. त्या लाटेच्या आरंभापासून सुमारे 36 तासांनी स्त्रीबीज बाहेर पडते. जीएनआरएचची रचना 1971 मध्ये उलगडली आणि त्या कामासाठी अँड्र्यू शॅली व रॉजर गिलेमिन यांना 1977 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आज आपण जी रोखणारी इंजेक्शने घेतो, ती याच दहा अमिनो आम्लांच्या साखळीत थोडे फेरफार करून बनवलेली आहेत.

नैसर्गिक पाळीत सहसा एकच बीजकोष वाढतो, तर आयव्हीएफमध्ये इंजेक्शनांच्या जोरावर एकाच वेळी अनेक बीजकोष वाढवले जातात. त्यामुळे इस्ट्रोजेन नेहमीपेक्षा कितीतरी लवकर चढते आणि बीजकोष अजून तयार नसतानाच पियुषिका ग्रंथी एलएचची लाट सोडून मोकळी होऊ शकते. तसे झाले तर बीजे काढण्याच्या आधीच निसटतात आणि तोपर्यंतचा सगळा खर्च व त्रास वाया जातो. ही रोखणारी औषधे वापरात येण्यापूर्वी सुमारे पाचांपैकी एका उपचारचक्रात अशी अवेळी लाट येत असे. रोखायची आहे ती ही लाट.

ती रोखण्याच्या दोन रीती आहेत. ल्युप्रोलाइड, ट्रिप्टोरेलिन आणि ब्युसेरेलिन ही अ‍ॅगोनिस्ट औषधे जीएनआरएचसारखीच वागतात, फक्त त्यांचा जोर अधिक असतो आणि ती सतत उपस्थित राहतात. दारावरची बेल अखंड वाजत राहिली तर घरातली माणसे सुरुवातीला धावत येतात आणि नंतर तिकडे लक्ष देणेच सोडून देतात, तसे पियुषिका ग्रंथीचे होते : पहिले काही दिवस एफएसएच व एलएच उलट वाढतात आणि साधारण एक ते दोन आठवड्यांत ग्रंथी थंडावते. सेट्रोरेलिक्स आणि गॅनिरेलिक्स ही अँटॅगोनिस्ट औषधे मात्र बेलची तारच काढून टाकतात. ती ग्रंथीवरील ग्राहक जागा अडवून बसतात, त्यामुळे सुरुवातीची वाढ होत नाही आणि एलएच काही तासांतच खाली येते. या दोन गटांतला बाकीचा प्रत्येक फरक, म्हणजे दिवसांची संख्या, त्रास, खर्च आणि धोका, या एका फरकातून निघतो.

पहिली पायरी : आपले चार कागद एकत्र करा

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एएमएचचा (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणाऱ्या रक्तचाचणीचा) अहवाल, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीतील लहान बीजकोषांची मोजणी म्हणजे एएफसी, पूर्वीच्या उपचारांची माहिती आणि एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढणे) किंवा पीसीओएसचे (बीजांडकोशात अनेक लहान बीजकोष साठून पाळी अनियमित होण्याच्या विकाराचे) निदान झाले असल्यास त्याचे कागद एका जागी ठेवावेत. एएमएच सुमारे 3.4 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा जास्त असेल किंवा एएफसी 24 च्या वर असेल, तर बीजांडकोश (ओव्हरी) औषधांना प्रमाणाबाहेर प्रतिसाद देण्याची शक्यता धरून चालतात. हा प्रतिसाद फार वाढून होणाऱ्या अवस्थेला ओएचएसएस म्हणतात. तिच्यात बीजांडकोश सुजतात, रक्तातील पाणी पोटात उतरते, रक्त घट्ट होते आणि क्वचित प्रसंगी अतिदक्षता विभागाची वेळ येते. औषधांची तुलना करताना सर्वांत जास्त वजन याच धोक्याला द्यायला हवे, कारण यशाच्या आकड्यांत दोन्ही गट जवळपास बरोबरीत आहेत.

हे कशावरून म्हणायचे? वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात 73 चाचण्या आणि 12 हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र केली होती. अ‍ॅगोनिस्ट पद्धतीत शंभरातल्या 29 जणींना मूल होते असे धरले, तर अँटॅगोनिस्ट पद्धतीत ही संख्या 25 ते 33 च्या दरम्यान पडेल, म्हणजे ठोस फरक दाखवता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ओएचएसएसच्या बाबतीत मात्र अ‍ॅगोनिस्टचे प्रमाण 11 टक्के धरले, तर अँटॅगोनिस्टचे 6 ते 9 टक्के येते. ‘जुनी लांब पद्धतच खात्रीची’ (लांब पद्धत म्हणजे आदल्या पाळीपासून अ‍ॅगोनिस्ट देण्याची) असे कोणी ठासून सांगत असेल, तर हे आकडे लक्षात असू द्यावेत.

दुसरी पायरी : ट्रिगर कोणते, हे आधी विचारा

बीजकोष 17-18 मिलिमीटरच्या पुढे गेले की बीजे पक्व करण्यासाठी ट्रिगर देतात आणि त्यानंतर 34 ते 36 तासांनी भूल देऊन बीजे काढतात. ट्रिगर दोन प्रकारचे असते. एचसीजी हे एलएचसारखेच काम करते, पण ते शरीरात अनेक दिवस टिकते आणि त्यामुळेच ओएचएसएसला खतपाणी घालते. दुसरा पर्याय म्हणजे ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिनचा एकच डोस. अ‍ॅगोनिस्ट औषध पहिल्यांदा दिल्यावर एलएच वाढवते हे वर आलेच आहे. त्याच गुणाचा उपयोग येथे करून घेतात. स्त्रीच्या स्वतःच्या ग्रंथीतून एलएचची छोटी लाट येते, ती लवकर ओसरते आणि ओएचएसएसचा धोका फारच कमी होतो.

या ठिकाणी नवख्या माणसाची हमखास गल्लत होते, कारण ज्या औषधाला तो ‘रोखणारे’ म्हणून ओळखत असतो, तेच शेवटच्या दिवशी लाट आणण्यासाठी दिले जाते. दुकानात दोन वेगवेगळ्या पेशंटच्या चिठ्ठ्यांवर एकच नाव असेल, पण एकीचे इंजेक्शन वीस दिवस चालणार असते आणि दुसरीचे एकदाच, असे नेहमी घडते. म्हणून चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे ते कशासाठी आहे हे लिहून घ्यावे.

आता महत्त्वाची अट : अ‍ॅगोनिस्टचे ट्रिगर अँटॅगोनिस्ट पद्धतीत चालते, लांब पद्धतीत नाही. लांब पद्धतीत ग्रंथी आधीच थंडावलेली असल्याने तिच्याकडून लाट येण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि एचसीजीवाचून इलाज राहत नाही. पीसीओएस असलेल्या किंवा एएमएच जास्त असलेल्या स्त्रीला अँटॅगोनिस्ट पद्धत का सुचवतात, याचे खरे कारण हे आहे. एक तडजोड त्यात असते. अ‍ॅगोनिस्टच्या ट्रिगरनंतर पाळीचा उत्तरार्ध, म्हणजे गर्भ रुजण्याचा काळ, दुबळा पडतो, त्यामुळे बहुतेक ठिकाणी सर्व गर्भ गोठवून पुढच्या एखाद्या महिन्यात गर्भाशयात सोडतात. गर्भ त्याच महिन्यात सोडावा असा घरच्यांचा आग्रह असेल, तर तो या टप्प्यावर डॉक्टरांपुढे मांडावा; बीजे काढून झाल्यावर त्याला फारसा अर्थ राहत नाही.

तिसरी पायरी : दोन वेळापत्रके शेजारी ठेवून पाहा

लांब पद्धतीत ल्युप्रोलाइड आदल्या पाळीच्या सुमारे 21 व्या दिवशी सुरू होते. रोजची मात्रा प्रघाताने 0.5 ते 1 मिलिग्रॅम असते, किंवा ट्रिप्टोरेलिन 0.1 मिलिग्रॅम. पाळी आल्यावर रक्तातील इस्ट्रोजेन आणि गर्भाशयाचे अस्तर तपासतात. इस्ट्रोजेन 50 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली आणि अस्तर पातळ असेल तर ग्रंथी थंडावली असे समजून बीजकोष वाढवणारी इंजेक्शने सुरू करतात, आणि ल्युप्रोलाइड बहुधा निम्म्या मात्रेत ट्रिगरपर्यंत चालू ठेवतात. म्हणजे एकूण तीन ते चार आठवडे रोज टोचून घ्यावे लागते. रोजच्याऐवजी 3.75 मिलिग्रॅमचे महिनाभर टिकणारे डेपो इंजेक्शनही मिळते. ते सोयीचे आहे, पण ग्रंथी जास्तच दबल्याने पुढची इंजेक्शने अधिक लागतात. लांब पद्धत ज्या महिन्यात सुरू होते त्या महिन्यात निरोध वापरण्याची सूचना मिळाली तर तिचे आश्चर्य वाटू देऊ नये, कारण 21 व्या दिवशी नैसर्गिक गर्भधारणेची सुरुवात झालेली असू शकते आणि अशा वेळी हे औषध सुरू करणे कोणालाच नको असते.

अँटॅगोनिस्ट पद्धतीत पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून बीजकोष वाढवण्याची इंजेक्शने सुरू होतात. सेट्रोरेलिक्स किंवा गॅनिरेलिक्स 0.25 मिलिग्रॅम रोज, हे त्या इंजेक्शनांच्या पाचव्या-सहाव्या दिवसापासून किंवा सर्वांत मोठा बीजकोष 13-14 मिलिमीटरचा झाल्यावर जोडले जाते आणि ट्रिगरच्या दिवसापर्यंत चालते. सारे प्रकरण दहा-बारा दिवसांत आटोपते. एका अँटॅगोनिस्ट इंजेक्शनची किंमत एका दिवसाच्या ल्युप्रोलाइडपेक्षा जास्त असते म्हणून ही पद्धत महाग, असा समज आहे. पण त्यात अँटॅगोनिस्टची इंजेक्शने थोडी लागतात आणि बीजकोष वाढवणारी महागडी इंजेक्शनेही साधारणपणे कमी दिवस घ्यावी लागतात, तेव्हा तुलना एका कुपीच्या किमतीशी न करता पूर्ण बिलाशी करावी.

त्रासाचे स्वरूपही वेगळे आहे. ल्युप्रोलाइडने इस्ट्रोजेन खाली गेल्यावर काही स्त्रियांना अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटते, डोके दुखते, झोप मोडते, चिडचिड होते. सुरुवातीच्या वाढीमुळे बीजांडकोशात पाण्याची गाठ होऊन वेळापत्रक लांबल्याचेही प्रसंग येतात. अँटॅगोनिस्टमध्ये टोचल्या जागी तासाभरासाठी लाली व खाज येणे हा मुख्य त्रास असतो. नोकरी, शेती आणि घरकाम सांभाळून उपचार घेणाऱ्या स्त्रीला आठवडाभराची खाज आणि महिनाभराचे गरम झोत यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

मग लांब पद्धत उरते कशासाठी? एंडोमेट्रिओसिस किंवा अ‍ॅडेनोमायोसिस (तसेच ऊतक गर्भाशयाच्या भिंतीत वाढणे) असलेल्या काही स्त्रियांमध्ये, आधीच्या अँटॅगोनिस्ट चक्रात बीजकोष असमान वाढले असतील तेव्हा, किंवा एचसीजीचे ट्रिगर देऊन त्याच महिन्यात गर्भ सोडायचा असेल आणि ओएचएसएसचा धोका नसेल तेव्हा काही डॉक्टर ती निवडतात. एंडोमेट्रिओसिससाठी आयव्हीएफपूर्वी तीन महिने डेपो इंजेक्शने देण्याची पद्धत पूर्वी बरीच रूढ होती. 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी मात्र फायदा अनिश्चित असल्याने ती सरसकट देऊ नये असे म्हटले आहे. कोणी तीन डेपो इंजेक्शने सुचवली, तर ‘आमच्या बाबतीत नेमके कशासाठी’ हे शांतपणे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

तिसरा, स्वस्त पर्याय गोळ्यांचा आहे. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन 10 मिलिग्रॅम किंवा डायड्रोजेस्टेरॉन 20 मिलिग्रॅम रोज घेतल्यानेही एलएचची लाट रोखली जाते. शांघायमधील डॉक्टरांनी 2015 मध्ये ही पद्धत मांडल्यावर ती सर्वत्र पसरली. मात्र या गोळ्यांनी गर्भाशयाचे अस्तर गर्भाच्या वाढीशी जुळत नाही, म्हणून गर्भ गोठवणे अटळ ठरते. गोठवायचेच असेल तर ही पद्धत खिशाला आणि पोटावरच्या टोचण्यांना मोठा दिलासा आहे, आणि तिची चौकशी करायला जोडपी उगीच संकोचतात असे मला वाटते.

लेट्रोझोल आणि क्लोमिफेन यांची गल्लत या औषधांशी करू नये. त्या गोळ्या इस्ट्रोजेनची निर्मिती किंवा परिणाम रोखून ग्रंथीला अधिक एफएसएच सोडायला लावतात, म्हणजे त्यांचा उद्देश बीजकोष वाढवण्याचा असतो. लेट्रोझोलच्या वंध्यत्वातील वापरावर भारतात 2011 मध्ये बंदी आली होती आणि 2017 मध्ये ती उठली. जुनी बातमी वाचून कोणी घाबरवले तर एवढे सांगणे पुरे.

चौथी पायरी : घरी टोचण्याची आणि साठवण्याची तयारी

चुका होतात त्या बहुधा येथेच. ल्युप्रोलाइडच्या रोजच्या कुपीतून औषध इन्सुलिनच्या सिरिंजने काढतात, आणि आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंज दोन मापांच्या मिळतात : लाल टोपीची 40 युनिटची आणि नारंगी टोपीची 100 युनिटची. 100 च्या सिरिंजवरील 20 युनिट म्हणजे 0.2 मिलिलिटर, तर 40 च्या सिरिंजवरील 20 युनिट म्हणजे 0.5 मिलिलिटर, अर्थात अडीच पट. घरात सासूबाईंच्या मधुमेहासाठी आणलेली सिरिंज आहे म्हणून ती वापरू नये. चिठ्ठीवर ‘युनिट’ लिहिले असेल तर कोणत्या सिरिंजचे, आणि मिलिलिटरमध्ये किती, हे दोन्ही लिहून घ्यावे. कुपीतील द्रावणाची तीव्रता कंपनीनुसार बदलते, म्हणून मध्येच दुसऱ्या कंपनीची कुपी घेतल्यास हिशेब पुन्हा तपासून घ्यावा.

सेट्रोरेलिक्स बहुधा भुकटीच्या रूपात येते. सोबतच्या सिरिंजमधील पाणी जाड सुईने कुपीत सोडावे, कुपी न हलवता हळूच फिरवावी, भुकटी पूर्ण विरघळून द्रावण स्वच्छ झाले की सगळे ओढून घ्यावे आणि बारीक सुई लावून बेंबीखालच्या पोटावर त्वचेखाली टोचावे. जोरात हलवल्यास फेस येतो आणि मात्रा कमी पडते. गॅनिरेलिक्स तयार भरलेल्या सिरिंजमध्ये मिळते, त्यामुळे एकटीने टोचून घेणाऱ्या स्त्रीला ते सोपे जाते. काही सिरिंजच्या सुईच्या टोपणात रबराचा अंश असतो, म्हणून रबराची अ‍ॅलर्जी असल्यास आधी सांगावे. रोज एकच वेळ पाळावी आणि जागा बदलत राहावी. अँटॅगोनिस्टचा एखादा डोस राहिला तर दुसऱ्या दिवसापर्यंत न थांबता त्याच क्षणी दवाखान्यात फोन करावा, कारण या औषधाचा परिणाम जितक्या लवकर सुरू होतो तितक्याच लवकर ओसरतो.

साठवणीची सूचना प्रत्येक खोक्यावर छापलेली असते आणि ती ब्रँडनुसार वेगळी असते. फ्रिजमध्ये ठेवायचे असेल तर 2 ते 8 अंशांत, मधल्या कप्प्यात ठेवावे. बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेले औषध गोठले तर ते टाकून द्यावे लागते. कोल्हापुरातून गडहिंग्लज, चंदगड किंवा निपाणीकडे एसटीने नेताना आइसपॅक कापडात गुंडाळून डब्यात तळाशी ठेवावा आणि औषधाचे खोके त्याला थेट टेकू देऊ नये.

पाचवी पायरी : प्रवास आणि पाऊस यांचा हिशेब

अँटॅगोनिस्ट पद्धतीत इंजेक्शनांच्या पाचव्या दिवसापासून दर एक-दोन दिवसांनी सोनोग्राफी लागते आणि ट्रिगरची वेळ मिनिटांच्या हिशेबाने दिली जाते. सोमवारी रात्री साडेनऊला ट्रिगर दिले, तर बुधवारी सकाळी साडेनऊला बीजे काढायची असतात. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी चढले की शिरोलीजवळ महामार्ग आणि केर्लीजवळ रत्नागिरीचा रस्ता बंद पडू शकतो. 2019 आणि 2021 च्या पुरात महामार्ग काही दिवस बंदच होता. शाहूवाडी, पन्हाळा किंवा शिरोळ भागातील जोडप्याने त्या दिवसांत उपचार घ्यायचा झाल्यास रोखणारी आणि ट्रिगरची इंजेक्शने सुरुवातीलाच घरी आणून ठेवावीत आणि शेवटचे चार-पाच दिवस शहरात नातेवाइकांकडे मुक्कामाची सोय करावी. पावसाळा टाळून तारीख पुढे नेणे शक्य असेल तर तेही सुचवून पाहावे. वय किंवा बीजांचा साठा आड येत नसेल तर एक-दोन महिन्यांनी सहसा बिघडत नाही.

उपचार देणारे केंद्र 2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली नोंदलेले आहे ना, हे प्रमाणपत्र पाहून तपासावे. या कायद्यानुसार असा उपचार स्त्रीला 21 ते 50 आणि पुरुषाला 21 ते 55 या वयोमर्यादेतच देता येतो.

बीजे काढल्यानंतर

रोखणारे औषध ट्रिगरबरोबर संपते. उरलेली कुपी पुढच्या वेळेसाठी किंवा मैत्रिणीसाठी राखून ठेवू नये. पुढच्या दिवसांत पोट फुगून घट्ट होणे, दिवसाला किलोभर वजन वाढणे, लघवी कमी होणे, सतत उलट्या किंवा दम लागणे यांपैकी काहीही जाणवले तर सकाळची वाट न पाहता दवाखान्याला कळवावे. गर्भ त्याच महिन्यात सोडला असेल आणि गर्भ राहिला असेल, तर ही लक्षणे आठवड्या-दीड आठवड्यानंतरही नव्याने येऊ शकतात. घरी जाण्यापूर्वी केंद्राकडून एक सारांश लेखी मागून घ्यावा : कोणती पद्धत, रोखणारे औषध कोणत्या दिवसापासून, बीजकोष वाढवणाऱ्या इंजेक्शनांची एकूण मात्रा, ट्रिगरच्या दिवशीचे एलएच व प्रोजेस्टेरॉन, ट्रिगरचा प्रकार आणि वेळ, मिळालेली व त्यांतली पक्व बीजे. पुन्हा उपचार घ्यावा लागल्यास, मग तो येथे असो वा पुण्या-मुंबईत, पद्धत बदलायची की तीच ठेवायची हे डॉक्टर याच कागदावरून ठरवतात.